कोडी सोडवणारी प्रणाली आणि दोन ज्ञानेश्वर

क्लास चालवणाऱ्याकडे किस्से आपोआप जमा होतात, वेगळं काही करावं लागत नाही. पिपरी मेघे या गावात मी आणि ढोले सर मिळून प्रोग्रामिंग शिकवतो. आमचं भांडण एकच. ते म्हणतात, नवख्यांकडून स्पर्धेतली कोडी सोडवून घ्या, डोकं तयार होतं. मी म्हणतो, आधी त्यांना काहीतरी बनवू द्या!

*

नव्या बॅचला ढोले सरांनी फळ्यावर कोडं लिहिलं. दहा पायऱ्या आहेत, एका वेळी एक किंवा दोन चढता येतात, तर चढायचे प्रकार किती?

सिंदीच्या रोशनने हात वर केला. सरांना वाटलं, उत्तर आलं.

"सर, वर जाऊन करायचं काय हाय?"

*

त्याच बॅचमधली हिंगणघाटची प्रणाली मात्र कोड्यांत वाघीण. आम्ही प्रश्न वाचून होईपर्यंत हिचा प्रोग्राम चालू! पण प्रोग्राममधली सगळी नावं ए, बी, एए, बीबी अशी. महिन्याभराने मी तिचाच एक प्रोग्राम तिच्यापुढे ठेवला आणि थोडा बदल करायला सांगितला. तिने तो वरून खाली दोनदा वाचला.

"सर, हे कोनं लिवलं?"

"तूच."

"मंग त्या दिवशीच्या प्रणालीले विचारा ना!"

*

रोशनला कोडी जमेनात. रोज सगळ्यांसमोर अडकायचा. एक दिवस बॅग घेऊनच केबिनमध्ये आला. "सर, माह्यं डोकं या कामाचं नाई. उद्यापासून येत नाई."

त्याचे वडील जिनिंग मिलच्या गेटवर कापसाच्या गाड्यांचे नंबर लिहायचे. मी म्हटलं, "जायचं तर जा, पण आधी बाबांसाठी नंबर सांगणारा प्रोग्राम करून जा."

पंधरा दिवस खपून त्याने केला. नाव टाकलं की रांगेतला नंबर. वडील खूश! तिसऱ्या दिवशी प्रोग्रामने एकाच नावाच्या दोघांना एकच नंबर दिला. त्यांनी 'ज्ञानेश्वर' पुकारलं आणि दोन ज्ञानेश्वर एकदम गाड्या घेऊन गेटात घुसले. कोणीच मागे सरकेना. अर्धा तास गेट बंद!

दुसऱ्या दिवशी रोशन क्लासला आला, पण ढोले सरांवर चिडून. "सर, तुमच्या कोड्यात दोन ज्ञानेश्वर काऊन नसते?"

मी मनातून खूश झालो, खोटं कशाला बोलू!

*

माझी खुशी फार टिकली नाही. रोशनने दुरुस्ती अशी केली, की प्रत्येक नाव बाकीच्या सगळ्या नावांशी ताडून बघायचं. हंगाम भरात आला, यादी वाढली आणि प्रोग्राम रांगायला लागला. वडील पुन्हा वहीवर आले.

प्रणालीने एक नजर टाकली. "आधी नावं क्रमाने लाव. सारखी नावं शेजारी शेजारीच येतीन. मंग शेजारचंच पाह्यजो." पाच ओळी बदलल्या, प्रोग्राम पळायला लागला.

"हे कुठं शिकली तू?" रोशनने विचारलं.

"ढोले सरांच्या कोड्यात. तू तवा खिडकीबाहेर पाहून राह्यला होता!"

ढोले सरांनी आम्हाला चहा पाजला. माझ्याकडे बघत, सावकाश.

*

नंतर प्रणाली नागपूरला मुलाखतीला गेली. कोडं दिलं, तिने दहा मिनिटांत सोडवलं. मग एक बाई म्हणाल्या, "मी हिशोब विभागातली. मला समजेल असं सांग."

प्रणालीने दोनदा सुरुवात केली, दोनदा अडखळली. शेवटी म्हणाली, "मॅडम, माझ्या मित्राला फोन लावू का? तो चांगलं सांगतो."

मॅडम हसल्या. "लाव. स्पीकरवर."

रोशन गेटवर होता. मागे गाड्यांचे हॉर्न. प्रणालीने कोडं आणि तिचं उत्तर वाचून दाखवलं. त्याने दोन प्रश्न विचारले आणि कापसाच्या गाड्यांवरून सगळं समजावून सांगितलं. मॅडमनी मान डोलावली.

प्रणालीची निवड झाली. आठवड्याने रोशन धापा टाकत क्लासमध्ये आला.

"सर, त्या मॅडमचा फोन आला! मलेबी बोलावलं!"

"अरे वा! मग चेहरा असा का?"

"पह्यला राउंड कोड्याचा हाय म्हन्ते!"

ढोले सरांनी उठून फळा पुसला आणि खडू हातात घेतला.