तोंड आमचा, आवाज दुसऱ्यांचो

वामन गेल्याचा माका कोणी येवन सांगूक नाय. कट्ट्याच्या बाजारात म्हावरा घेवन बसलेलंय, तर समोरच्या हाटेलातल्या टीव्हीवर माझ्या भावाचो फोटो इलो. खाली लिवलेला शेजारणीन वाचून दाखवल्यान, "विनोदी नट गेला." मगे तेचे जुने सीन लावल्यानी. हिरो तेच्या कानफटात मारता, तो पडता, उठता, परत मारता... हाटेलातली माणसा हसत होती. मी पाटी उचललंय आणि घराक इलंय. मेलेल्या माणसाक त्या दिवशी तरी मारू नये.

बापूस दर्यात गेलो तेवा वामन लहान होतो, आवस अंथरुणार. बाजार करून मीच तेका वाढवलंय. मोठो झाल्यार तो मुंबैक गेलो, पिक्चरात लागलो. पण तेका काम कसला? कधी गडी, कधी दारुडो. आमची भाषा बोलूची आणि मार खावचो. एकदा जेवताना म्हणालो, "बाये, मी तोंड उघडूच्या आधीच लोक हसतत. आपल्या घरात कोण मेला म्हणान सांगलंय तरी हसतीत."

म्हणान तो डायरेक्टर झालो. आमच्याच किनाऱ्यार पिक्चर केलान. झिलाची होडी वेळार परत येयत नाय, आवस वाट बघीत बसता, इतकीच गोष्ट. आवस मी, तिचो झील तो स्वतः, बाकीची सगळी वाडयेतली माणसा. कॅमेरो लागलो तशी मी रडाक लागलंय, तर माझ्यार ओरडलो, "बाये, बापूस गेलो तेवा तू रडलंस?"

"कधी रडतलंय? तुका भूक लागलेली. मी मासे कापी होतंय."

"मगे आता पण तसाच कर."

पिक्चर पुरो झालो, तेवा पैसेवाल्याक आमची भाषा नको झाली. लोकांका समाजणार नाय म्हणे! इतकी वर्सा हसाक बरी समाजत होती? वामन भांडलो, पण हरलो. थेटरात बघतंय तर तोंड माझा आणि आवाज खंयच्या तरी शिकलेल्या बाईचो, "मी इथेच थांबते." वामनाकसून पण तेचा बोलणा तसल्याच शिकलेल्या भाषेत परत बोलून घेतल्यानी. अर्ध्यातसून तो उठून भायर गेलो... परत पिक्चर करूक नाय.

गेल्या आठवड्यात गावात तेची शोकसभा झाली. 'कोकणचा हास्यसम्राट' असो ब्यानर लावलेलो. जल्लो तुमचो ब्यानर! भाषणा झाली आणि तोच पिक्चर लावल्यानी. ती बाई बोलाक लागली तशी मी उठलंय. "आवाज बंद कर रे!"

सभा चालवणारो माइकातसून म्हणालो, "आजी, बसून घ्या, कार्यक्रम सुरू आहे."

"बसतंय. आधी त्या बाईक गप कर. माझ्या तोंडात बसान बोलता ती!"

माणसा हसली, पण आवाज बंद झालो. मगे मी उभ्यानच माझा बोलणा बोललंय, "मी हंयसरच बसतलंय. किनाऱ्यार कोण दिसला नाय तर तो होडी खंय लावतलो?" मागसून शेजारणीन पिक्चरातला आपला बोलणा म्हटल्यान, "घराक चल गो, काळोख पडलो." मगे एकेक करून सगळी वाडी बोलाक लागली, वामनान शिकवलेला तसा.

शेवटाक होडी येता. वामन तेच्यात उभो रवान हाक मारता. थंय आम्ही सगळी गप झालंव. तेचा बोलणा कोण बोलतला?

माइकवाल्यान हळूच इचारल्यान, "आजी, आता आवाज लावू?"

"नको. ता तेचा न्हय."

पडद्यावर तेचा तोंड हलत होता... आम्ही बघीत रवलंव.