साडूंची मानाची पानं

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात मानपान म्हणजे काय हे कळणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. तोही थोरला! बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हटल्यावर उलटून बोलायची सोयच नाही. कुरुंद्याच्या एका लग्नात नवरदेवाच्या आत्याला न विचारता हळद लागली, तर या गृहस्थांनी ती धुऊन काढायला लावली आणि आत्याच्या हातून पुन्हा पहिल्यापासून लावून घेतली. नवरदेव बिचारा दोनदा पिवळा झाला.

अशा माणसाला मी, दोन हजार आठच्या सुमारास, कळमनुरीतल्या माझ्या नेटकॅफेत नेऊन बसवलं. चूक माझीच. ब्राउझर उघडला आणि कुठल्याशा कंपनीचं पान समोर आलं. साडू ताडकन उठले. "ह्ये काहून आलं? आपण बोलावलं व्हतं का याला?" मी म्हणालो, ते आपोआप येतं. "न बोलावता येतं अन् पैल्या पाटावर बसतं?" त्यांची समजूत काढायला मी सेटिंग उघडून दाखवली. म्हटलं, सुरुवातीला कोणकोणती पानं उघडायची ते इथं आपण ठरवायचं. झालं! त्या दिवसापासून माझ्या सहाही कॉम्प्युटरांवर लग्नघर सुरू झालं.

पहिला मान पंचांगाला, दुसरा हळदीच्या भावाला, तिसरा पेपरातल्या निधनवार्तांना, कारण "माणसानं तिसऱ्याला तरी येळंवर पोचाय पायजे." तिथंच थांबले असते तर देव पावला असता. पण वाशीमच्या मेहुण्यानं खताच्या दुकानाची वेबसाइट काढली. घरच्या माणसाला वगळून कसं चालेल? मग कनेरगाव नाक्याच्या व्याह्यांच्या ढाब्याची आली. तिच्यावर नुसता एक फोटो होता, तोही उलटा. आता आधी मेहुणा की आधी व्याही, यावर साडूंनी दोन दिवस डोकं खपवलं आणि शेवटी तीन कॉम्प्युटरांवर मेहुणा पुढं, तीनवर व्याही पुढं लावले. "बराबर झालं. आता कुनाची तक्रार न्हाई."

तक्रार माझ्या गिऱ्हाइकांची होती. एकेक पाहुणा वाढत पानं नऊ झाली होती. ब्राउझर उघडला की ती नऊच्या नऊ एकदम निघायची आणि आमची लाइन धापा टाकायची. माणूस यायचा रेल्वेचं तिकीट काढायला, आणि आधी कुणाच्या तरी दहाव्याची बातमी वाचून हळहळायचा. मी पानं काढली की दुसऱ्या दिवशी साडू तोंड एवढंसं करून परत लावायचे. बायको म्हणायची, "त्यांच्यापाशी मानाशिवाय दुसरं हाय काय? चार पाहुण्यांत त्यांना इचारतात, त्याच्यावरच जगून राहिले ते. दुखवू नका." ते खरंच होतं. म्हणून मी गिळून बसायचो.

मग एक दिवस तांड्यावरची सारिका नर्सिंगचा फॉर्म भरायला आली. मुदतीचा शेवटचा दिवस, पाचपर्यंतच वेळ, आणि घड्याळात साडेचार. ब्राउझर उघडला, नऊ पानं निघाली आणि सगळं गोठलं. बंद करून पुन्हा उघडला, तर पुन्हा नऊ. पोरगी रडकुंडीला आली. "भाऊ, माझं वरीस जाईन ना!" माझं डोकंच फिरलं. साडू शेजारीच बसले होते. भरल्या दुकानात मी ओरडलो, "तुमच्या मानपानापायी लेकराचं वाटोळं होऊन राहिलं!"

साडू उठले. सारिकाला म्हणाले, "सरक माय थोडी." एका बोटानं टकटक करत त्यांनी ब्राउझर बंद करून बाहेरूनच सेटिंग उघडली आणि पंचांगापासून ढाब्यापर्यंत एकेक पान पुसलं. सुरुवातीला कोरं पान ठेवलं. मग उरलेल्या पाचही कॉम्प्युटरांवर तेच केलं आणि चप्पल घालून निघून गेले. पाचाला दहा कमी असताना फॉर्म गेला.

संध्याकाळी मी पेढे घेऊन माफी मागायला गेलो. म्हटलं, आता वर्षभर हे माझं तोंड बघणार नाहीत. साडू म्हणाले, "तुमचं काय चुकलं? ज्याला घाई त्याचा पैला मान. येवढं मला कळाय पायजे व्हतं."

दुसऱ्या दिवसापासून ते यायचे, पण दारात उभे राहून आधी विचारायचे, "कुनाला घाई न्हाई ना?" मगच कोपऱ्यात बसायचे. रुसले असते तर मी हातापाया पडून मनवलं असतं. साडूंना मनवणं मला जमत होतं. पण ते रुसलेच नाहीत हो, आणि त्याचंच मला अजून वाईट वाटतं.