नऊ वर्षांनी पहिला खिळा

गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये आज नऊ वर्षांनी पहिला खिळा ठोकला.

आईचा नियमच होता, "बँकेच्या भिंतीला भोक नाय पाडायचं." त्यामुळे कॅलेंडर फ्रिजच्या हँडलला लटकायचं. दर दसऱ्याला गावच्या झेंडूचे पैसे आले की हप्त्याच्या वर तेही ती कर्जात भरायला लावायची. मी नव्या टीव्हीसाठी भांडायचो आणि हरायचो.

असं करत वीस वर्षांचं कर्ज नवव्या वर्षीच फिटलं. सकाळी बँकेतून घराचे कागद आणले, तर आई दारातच हातोडी घेऊन उभी.

खिळा वाकडा गेला, थोडं प्लास्टरही पडलं. मी घाबरून तिच्याकडे पाहिलं.

"पडू दे. आपलीच भिंत हाय."

मग तिने आणखी चार ठोकून घेतले. लटकवायला काहीच नाही. कोणाकडे जादा फोटोफ्रेम आहेत का?