आदल्या दिवशी लिहिलेली बैठक

माझ्या मोठ्या भावाने ज्या माणसाचा हात मोडला, त्याच्याबरोबर त्याने गिरणीत अठरा वर्षं शेजारशेजारच्या मागांवर काम केलं होतं. दोघं एकाच डब्यातून जेवायचे. भांडण टँकरच्या पाइपवरून झालं. पाइप आधी कोणाच्या ड्रमात जायचा, एवढंच. दादाने हातातली सळई घातली आणि कोपराच्या वर हाड मोडल्याचा आवाज मला दहा पावलांवर ऐकू आला. तो माणूस ओरडला नाही. मटकन खाली बसला, आणि तेवढ्यात त्याच्या बायकोने पाइप ओढून आपल्या ड्रमात घातला. मी दादाच्या घरची रिकामी बादली घेऊन उभा होतो. पुढे होऊन मीही ती भरून घेतली.

गिरणीला कुलूप लागलं तेव्हा पगार गेला हे सगळ्यांना लगेच समजलं. पाणी गेलं हे समजायला दोन दिवस लागले. कामगारांची ती दीडेकशे घरं नाल्यापलीकडे, गिरणीच्याच जमिनीवर, आणि नळाला पाणी गिरणीच्याच बोअरिंगचं. वीज तोडली, पंप थांबला. इंदूरची हद्द नाल्याच्या अलीकडे संपत होती. पलीकडे ग्रामपंचायत. शहर म्हणे ही घरं आमची नाहीत. पंचायत म्हणे हे गिरणीवाले शहराचे, आमच्या विहिरीवर यांचा हक्क कसला? दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते मी तिथे डोळ्यांनी पाहिलं. कधीमधी कोणाच्या तरी दयेने एखादा टँकर यायचा आणि त्या दिवशी बस्तीत कोणाचं तरी डोकं फुटायचं.

मी शहराच्या पाणीखात्यात बाबू होतो. गिरणी बंद पडल्यावर आमच्या दोन घरांत मिळून माझा एकच पगार उरला. दादाने कधी हात पसरला नाही, पण पहिल्या तारखेला मी वहिनीकडे निम्मा नेऊन द्यायचो आणि ती डब्यात ठेवायची. कधी आवाज न चढवणारा माझा भाऊ आता जरा काही झालं की डोक्यात राख घालून घ्यायचा. मला त्याची भीती वाटायला लागली होती, आणि त्या भीतीची लाजही वाटायची.

शहर आणि पंचायत यांच्या संयुक्त बैठका सुरू झाल्या. विषय एकच, नाल्यापलीकडच्या टँकरचा खर्च कोणी किती उचलायचा. पहिल्या बैठकीत समोसे संपले तशी बैठक संपली. दुसऱ्या बैठकीत सरपंचांनी टेबलावर मूठ आपटली, काच फुटली आणि पट्टी बांधण्यात वेळ गेला. तिसरी मे महिन्यात ठरली.

आमच्या ऑफिसात एक रिवाज होता. बैठकीची प्रोसिडिंग आदल्या दिवशीच लिहून ठेवायची. साहेब सांगायचे, मी लिहायचो. दुसऱ्या दिवशी मंडळी हवं तेवढं भांडायची, चहा प्यायची आणि उठताना रजिस्टरात न वाचता सही करून जायची. नऊ वर्षांत माझं एक वाक्य कोणी बदललं नव्हतं. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण आम्हा बाबूंच्या लेखी बैठक आदल्या दिवशीच झालेली असायची.

तिसऱ्या बैठकीच्या आदल्या दुपारी साहेबांनी बोलावलं. "लिख लो भिया. आधा शहर देगा, आधा पंचायत. रोज के दो टँकर. ऊपर से बात हो गई है. सर्वसम्मति से पारित."

इतक्या सुंदर अक्षरात मी कधी लिहिलं नसेल. ऑफिस सुटल्यावर सायकल थेट नाल्यापलीकडे हाणली. वहिनी भांडी राखेने कोरडीच घासत होती. दादा दारात बसला होता.

"दादा, झालं काम. उद्या संध्याकाळपासून रोज दोन टँकर. दोघं मिळून देणार आहेत."

"बैठक तर उद्या आहे ना?"

"बैठकीचं काय घेऊन बसलास? मी स्वतःच्या हाताने लिहून आलोय."

"पक्का?"

"एकदम पक्का. फक्त माझं नाव कुठे निघू देऊ नको. नोकरी जाईल."

"नाही निघणार यार. मी काय पागल आहे?" असं म्हणून तो चपला न घालताच बाहेर पडला आणि घरोघर सांगत सुटला. कित्येक महिन्यांनंतर त्याला मी हसताना पाहिलं. बस्तीने वर्गणी काढून दुसऱ्या दिवसासाठी एक खाजगी टँकर ठरवला होता. दादाने निरोप पाठवून तोही रद्द केला. मी शेजारी उभा होतो आणि मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बस्ती ऑफिसच्या आवारात आली ती झेंडूचे हार आणि ढोल घेऊन. सकाळपासून कोणाच्या घरात पाणी नव्हतं, पण संध्याकाळची खात्री होती. वहिनी खजरान्याच्या गणपतीला नारळ फोडून परस्पर आली होती. वर हॉलमध्ये मी रजिस्टर उघडून सरपंचांपुढे ठेवलं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा एका माणसाने सही करण्याआधी ते वाचलं.

"ऊपर से बात हुई?" सरपंच म्हणाले. "म्हारा से तो कोई ने पूछ्यो नी."

त्यांनी ते पान फाडलं आणि रजिस्टर साहेबांच्या तोंडावर फेकलं. चष्मा फुटला, भुवईवर खोक पडली. आमच्या इंजिनिअरने सरपंचांची कॉलर धरली. त्यांच्याबरोबरच्या पंचाने पेपरवेट उचलला आणि इंजिनिअरचे पुढचे दात पाडले. पाणीवाटपावर बोलायला बसलेली चौदा मोठी माणसं पाण्याचे जग एकमेकांच्या डोक्यात घालत होती. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. शेवटी सरपंच रक्ताळलेल्या शर्टाने गॅलरीत गेले आणि खाली ओरडून म्हणाले, "नी पइसो, नी टँकर. जिसने तुमको बोला था, उसी से माँगो."

ढोल थांबला. मी त्यांच्या मागून गॅलरीत आलो होतो, म्हणून पुढचं सगळं मी वरून पाहिलं. दीडशे घरांची माणसं हळूहळू दादाकडे वळली.

"टँकर तूने वापस भेजा."

"मेरे बच्चे सुबह से प्यासे हैं."

पहिला फटका ढोलाच्या काठीचा होता. मग बायका पुढे झाल्या. एकीने रिकाम्या पितळी हंड्याने त्याच्या तोंडावर मारलं, दोनदा, पूर्ण हात मागे नेऊन. ज्यांच्यासाठी तो गिरणीच्या फाटकावर उपोषणाला बसला होता ती ही माणसं. आपलेच दात आपलेच ओठ. तो गुडघ्यावर आला तेव्हा कोणीतरी त्याचे केस धरून विचारलं, "बता, तेरे को किसने बोला था?"

दादाने मान वर केली. डावा डोळा रक्ताने भरला होता, उजव्याने त्याने गॅलरीकडे पाहिलं. मी त्याला दिसलो, यात मला शंका नाही.

"कोई नी बोला," तो म्हणाला. "मैं ही बोला था."

मी एक पाऊल मागे सरलो, खांबाच्या आड. खाली पुन्हा मार सुरू झाला. पोलीस आले आणि त्यांनी हार घेतलेल्या आणि हार टाकलेल्या सगळ्यांना सारखंच झोडपलं.

दादाचा डावा डोळा गेला. नऊ दिवसांनी नाल्यापलीकडे टँकर आले. रोजचे दोन, निम्मा खर्च शहराचा, निम्मा पंचायतीचा, मी लिहिलं होतं अगदी तसंच. ऊपरवाल्यांना तीन-चार डोकी फुटलेली पाहायची होती बहुतेक. पण बस्तीने दादाला माफ केलं नाही. वहिनीचा ड्रम रांगेत सगळ्यांच्या शेवटी ढकलला जायचा आणि तिची पाळी येईपर्यंत टँकर रिकामा होई. ती नाल्याअलीकडे येऊन आमच्या नळावरून दोन-दोन बादल्या नेत होती. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. तिला ठाऊक होतं.

मला राहवेना. सरकारी दवाखान्यात दादाच्या खाटेशी बसून मी म्हणालो, "मी आजच बस्तीत जातो आणि सांगतो, की तुला मी सांगितलं होतं."

त्याने प्लास्टर नसलेल्या हाताने माझी मान पकडली आणि माझं कपाळ खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटलं. पुन्हा आपटलं. नर्स धावत आली. त्याच्या अंगात इतकी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"दोन घरं जेवतात तुझ्या पगारावर," तो माझ्या कानाशी म्हणाला. "तोंड उघडलंस तर जान से मारीन."

रुमालाने कपाळ दाबून मी बाहेर आलो. दादा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली आणि मी पेन्शन घेतो. बस्तीत कोणालाही मी आजवर सांगितलेलं नाही. नातेवाइकांना वाटतं, मी भावाच्या शब्दाला जागलो. पण त्या दिवशी कपाळातून रक्त येत असताना मला हायसं वाटलं होतं. दादाने धमकी दिली नसती तरी मी बस्तीत गेलो नसतो.