नलूताईंचं कुंकू

गजरेवाली आली की नलूताई एकच गजरा घ्यायच्या आणि तो जिन्यातच, सगळ्यांदेखत, मंगलताईंच्या अंबाड्यात माळायच्या. स्वतःचा कायम बॉयकट. "मी काय तो कानाला अडकवू?" म्हणायच्या. वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत या दोघी समोरच्या ब्लॉकमध्ये बत्तीस वर्षं राहिल्या. आते-मामेबहिणी, असं त्यांनी सांगितलं होतं आणि आम्ही सोयीचं म्हणून मानलं होतं.

नलूताई ठाण्याच्या कोर्टात टायपिस्ट होत्या. बोलणंही तसंच, मोजकं. लग्न का नाही केलंत, असं बायका फिरून फिरून विचारायच्या. "तुमचं विचारून झालं की सांगा, चहा टाकते," एवढंच उत्तर मिळायचं. शिवणावर वाकलेल्या मंगलताई खाली मान घालून हसायच्या.

बाईचं बाईशी, पुरुषाचं पुरुषाशी लग्न कायद्यात बसवायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, त्या दिवशी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. टीव्हीवर तीच बातमी. मंगलताई रडत होत्या. मला बघूनही नलूताईंनी त्यांच्या पाठीवरचा हात काढला नाही. "रडतेस काय? जन्मभर मी लोकांचं 'अर्ज नामंजूर' टाइप केलं. आज आपला नंबर लागला." मी विरजण न घेताच परतले. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

डिसेंबरात तापाचं निमित्त होऊन मंगलताई गेल्या. सगळं त्यांच्या भाच्याने केलं. नलूताई स्मशानात यायला निघाल्या, तर म्हणाला, "तुमचं काय काम तिथं?"

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्या घरी होतं. नलूताईंना बोलावलं होतं. बिनलग्नाच्या बाईला कुंकवाची आडकाठी नसते. ताट समोर आलं तशी त्यांनी कपाळावर आडवा हात धरला.

"मला नको. माझं माणूस गेलं."

कुणीतरी खुसकन हसलं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी तो हात धरून खाली ओढला. "काहीतरीच काय, ताई! बहीण गेली म्हणून कुणी कुंकू सोडतं का? तुम्ही तर कुमारिका!" आणि चांगलं दाबून, ठसठशीत लावलं. बायका मनमोकळं हसल्या. मीही हसले.

नलूताईंनी ते पुसलं नाही. "झालं तुमचं?" म्हणाल्या, वाण तिथेच ठेवलं आणि गेल्या. उन्हाळ्यात त्या डोंबिवलीच्या एका वृद्धाश्रमात राहायला गेल्या. वर्षाच्या आत तिथेच वारल्या. आम्हाला महिन्याने कळलं.

गेल्या भाद्रपदात आमचे हे गेले. यंदा संक्रांतीला शेजारच्या वहिनींनी मला मायेने बोलावून नेलं. ताट फिरत फिरत आलं आणि माझ्यापाशी न थांबता पुढच्या बाईकडे गेलं. फार लागलं मला. पण कुणी हसलं नाही. माझं माणूस गेलं, हे मला तोंडाने सांगावंसुद्धा लागलं नाही.