फाट्यावरचा थांबा

उकंडराव एसटीवर ड्रायव्हर होते तेव्हाचं हे भांडण. शेजारच्या सोजराबाईनं ते कुडाआडून ऐकलं होतं. त्यांची बायको मनकर्णाबाई माहेराहून निघून फाट्यावर उभी राहिली, आणि नवऱ्याची गाडी तिच्यासमोरून तशीच निघून गेली. हॉर्न मात्र वाजवला. डाळीचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती पुढच्या गावापर्यंत चालली. घरी येऊन गाठोडं ओसरीत आपटलं.

"साऱ्या दुनियेले गाडी थांबवता, माह्या माहेरच्या फाट्यावर काऊन नाही?"

"तिथं थांबा नाही," उकंडराव म्हणाले, आणि जेवायला बसले.

रिटायर झाल्यावर त्यांना करमेना. ओसरीतल्या बाजेवर प्लायवूड टाकून त्यांनी आपल्या फेरीचा जानेफळ ते डोणगाव रस्ताच छोटा करून मांडला. खाली सायकलची चेन, तिला लोहचुंबकं, फिरवायला जुन्या कूलरची मोटर. वर पत्र्याची लाल एसटी, ट्रॅक्टर, टेम्पो आपले आपण पळू लागले.

गाव पाहायला आलं आणि भांडत बसलं. भगवंतराव टेप घेऊन आले, रस्त्यानं त्यांचं वावर दोन बोटं खाल्लं होतं. उकंडरावांनी निमूट रस्ता खरवडून दिला. सोजराबाईला गोठ्यात म्हैस हवी होती, तीही गाभण.

मनकर्णाबाईला बीपी होतं. संध्याकाळची गोळी उकंडराव एसटीच्या टपावर ठेवून पाठवायचे. एके दिवशी ती नेमकी बाजेवरच्या रस्त्यात माहेरचा फाटा होता तिथं जाऊन बसली आणि गोळीला हात लावेना. चालत्या गाडीतून सवारी उतरत नसते, म्हणाली, आधी थांबा द्या. हातानं देऊ केली तर तोंड फिरवलं. गोळी डोणगाव पाहून परत आली, पुन्हा गेली. दोन दिवस असंच. तिसऱ्या संध्याकाळी तिला चक्कर आली, तिनं खांब धरला.

उकंडरावांनी बटण बंद केलं. एसटी फाट्यावर थांबली. पण चेन एकच, सारी रहदारी जागच्या जागी उभी.

"माहं ट्रॅक्टर काऊन थांबलं?" भगवंतरावांनी विचारलं.

"सवारी उतरून राह्यली."

मनकर्णाबाईनं गोळी गिळली आणि कंडक्टरच्या डबल बेलसारखं प्लायवूडवर दोनदा वाजवलं. तेव्हा कुठं ट्रॅक्टर हललं. मग रोज तसंच.

उकंडराव गेले त्या दिवशी दुपारपासून छातीत दुखत होतं. पोरगा अविनाश मेहकरला दवाखान्यात न्यायला गाडी घेऊन दारात उभा. फेरी टाकून येतो, म्हणाले. गोळी टपावर ठेवली, फाट्यावर थांबले, डबल बेल झाली. एसटी डोणगावला नीट लावली, बटण बंद केलं आणि चपला शोधू लागले.