पोत्याचं दुसरं टोक

"काका, जरा वाकून दाखवा. पोरांना कळू द्या, गोदीत माल कसा उचलायचे."

विभागप्रमुख माइकवर बोलले आणि हॉल हसला. स्टेजवर बांधकामावरून आणलेलं वाळूचं पोतं. त्याच्याजवळ माझा बाप. अंगावर सत्काराची शाल, वय सत्तरच्या पुढं. टाळ्या वाजल्या. मीबी वाजवल्या. हे आधीच सांगते, कारण ते अजून बोचतंय.

लातूरच्या या कॉलेजात मी तासिकेवर इतिहास शिकवते. म्हणजे शिकवत होते. दर जूनला नेमणुकीची नवी ऑर्डर, तीबी प्रमुखांच्या शिफारशीवर. त्यांनी मुंबई बंदराच्या इतिहासावर कार्यशाळा ठेवली. माझा बाप तीस वर्षं तिथल्या गोदीत होता. बोटीतला गहू, साखर, गंधक, सगळं पाठीवर. मग कंटेनर आले, टोळ्या मोडल्या, बाप गावी आला. "वडिलांना आणा, सत्कार करू," प्रमुख म्हणाले. मला लई बरं वाटलं. बापानं पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून घेतली.

सकाळपासून भाषणं चालली. कुठल्या शेठनं गोदीला पैसा लावला, कापूस कुठं गेला, कोनशिला कुणी बसवली. पोतं उचलणारा एकबी माणूस त्यात न्हाई. तो आता स्टेजवर उभा होता, तमाशाला.

बाप पोत्याकडं बघून म्हणाला, "एकट्यानं उचलत न्हाईत साहेब. दोघं दोन टोकं धरून पाठीवर देतेत, तवा तिसरा चालतो. या, एक टोक धरा."

प्रमुख हसले. "आम्हाला नाही हो जमणार. तुमच्या लोकांच्या रक्तातच असतं ते."

परत हशा. कुणी उठलं न्हाई. बाप एकटाच वाकला. शाल घेतलीय, आता न्हाई कसं म्हणावं, असं वाटलं असंल त्याला. त्याचा गुडघा जमिनीला टेकला. पोरांनी मोबाइल वर धरले.

तवा मी उठले. जूनची ऑर्डर डोळ्यांपुढं होती, खोटं कशाला सांगू. स्टेजवर जाऊन बापाला उभं केलं आणि पोत्याचं एक टोक धरलं.

"सर, दुसरं टोक तुम्ही धरा. न्हाईतर हे हितंच ऱ्हाईल."

प्रमुखांनी घड्याळ बघितलं. "चला, चहा घेऊ," म्हणाले.

जून सरला. ऑर्डर आली न्हाई. आता सकाळ-संध्याकाळ खासगी क्लासमध्ये तास घेते, घसा बसतो, पाय सुजतात. तरी रोज थोडा वेळ बापाजवळ बसून त्याच्या टोळीतल्या माणसांची नावं उतरून घेते. गोदीचा इतिहास मी तिथून लिहिणार हाय.

परवा कॉलेजचा शिपाई निरोप घेऊन आला. "मॅडम, सर म्हणतेत, तुमचं पोतं घेऊन जा. स्टेजवर अडचण व्हायलीय."

बाप म्हणाला, "जाऊ दे माय. उचलून टाक अन् मोकळी हो."

न्हाई. पोतं सरांनी आणलंय. त्यांनी येऊन एक टोक धरावं. तवर मी हात लावणार न्हाई.